वजाबाकी

किंग्टनच्या वरच्या अंगाला, टेकडी जिथे वाऱ्याला पाठ देते,
तिथे प्रोबर्टचा गोठा.
मी एकदाच गेले, मार्चमध्ये, उसन्या गमबुटांत.
एरवी माझ्याकडे येते ती फक्त काचेची नळी,
तिच्यात तिरपं गोठलेलं अंड्याचं बलक
आणि त्यावर, सहा आठवडे कुणी घाई केली नाही तर,
पावाच्या चुऱ्यासारखं काहीतरी.

हा जंतू निवांत.
दिवसभरात जेमतेम एकदा दुभंगतो.
तेवढ्यात ग्विलिम प्रोबर्टच्या दोन धारा काढून होतात
आणि मला तीन फोन.

"बॅजरच ना?"
नऊ वर्षं डूख धरून आहे तो.
कुंपणाच्या बुडातली बिळं त्याला
बायकोच्या वाढदिवसापेक्षा पक्की पाठ.

टॅन्सीच्या मानेवरचे केस भादरून दोन सुया दिल्या होत्या,
वर पक्ष्यांच्या जंतूची, खाली गुरांच्या.
तिसऱ्या दिवशी खालची गाठ फुगलेली.
तिची माझी गाठ पडली ती त्यानंतर,
फुप्फुसाच्या कडेला,
सुरीखाली खडूसारखी करकरणारी.

पट्टीवर त्रेचाळीस चौकोन.
काळा म्हणजे आहे.
पांढरा म्हणजे गेला.

शाळेत बाई सांगायच्या,
शून्यातून सात जात नाहीत,
शेजारच्या घरातून एक उसना घ्या.
हा घेत नाही.
बाकीचे जंतू वाटेत भेटले की तुकडे देतात-घेतात,
विरजण मागायला आल्यासारखे.
याच्या घरातून एकदा गेलं ते गेलं,
लेकाला तेच भोक, नातवाला तेच,
आणि वर एखादं स्वतःचं.
म्हणून याचं गाव कळतं
काय उरलंय त्यावरून नाही,
काय नाहीये त्यावरून.

टॅन्सीच्या पट्टीतला पांढरा
या टेकडीवरचा नव्हता.
बिळांतला नव्हता.
तो ट्रकमधून आला होता, दुसऱ्या परगण्यातून,
पावतीसकट.

फोनवर बराच वेळ दुधाच्या यंत्राची फसफस.
मग तो म्हणाला, "लिलावातून एकच आणली होती मी.
ब्रॅम्बल. नेरिसच्या सोळाव्या वाढदिवसाला.
ती तर ठणठणीत आहे."

ठणठणीतच असेल.
अकरा गेल्या, ही रवंथ करते.
जंतू तोच, भोकं तीच,
एकीत मसुराएवढा थांबतो
आणि एकीत अख्खं फुप्फुस खाऊन बसतो.
"जहाल कशाने होतो?" त्याने विचारलं.
मी म्हटलं, एखादं अक्षर इकडचं तिकडे,
एखादा तुकडा कमी.
मग म्हटलं, खरं सांगू, नाही माहीत.

कारण कमी झाल्याने तो मवाळही होतो.
याच गुरांच्या जंतूला कुणीतरी
तेरा वर्षं, दोनशे तीसदा,
या बशीतून त्या बशीत हलवत राहिलं,
आणि कधीतरी, कुणाला न कळता,
त्याच्या हातून एक पान गळालं.
तीच लस.
माझ्या डाव्या दंडावर तिचा वण आहे, लाखेच्या ठिपक्यासारखा.
मार्चमध्ये बादली उचलताना
प्रोबर्टची बाही वर गेली, त्याच्याही.
तेव्हा आम्ही पावसाबद्दलच बोललो.

बॅजरचं त्याने पुन्हा नाव काढलं नाही.
माफीही नाही मागितली, कुणाकडे मागणार?
बिळांवरून जाताना, नेरिस सांगते,
आता नुसताच खाकरतो.

मंगळवारी ब्रॅम्बलला सुया.
शुक्रवारी मोजणी.
डॉक्टर यायच्या आधी नेरिस पहाटे उठणार आहे म्हणे,
दिवा न लावता,
मानेवरून हात फिरवायला.