काठीवरच्या खुणा

टाकीत किती डिझेल उरलंय ते मी काठीने पाहतो.
कडुनिंबाची काठी, साल काढलेली,
सुरीने खाचा पाडलेल्या: एक खाच, एक तास.
मीटर होता पूर्वी. एप्रिलमध्ये त्याच्या काचेतून
गोळी गेली. कुणाची, ते विचारायला
कोणी थांबलं नाही.

मी डॉक्टर नाही, जनरेटरवाला.
ओमदुरमानच्या या दवाखान्यात, भिंतीपलीकडे,
सहा यंत्रं माणसांचं रक्त धुवायची.
दोन उघडून त्यांच्या नळ्या, पंप
उरलेल्या चारांत घातले.
त्या चारांची भूक माझ्या टाकीवर.

आधी माणशी चार तास, आठवड्यातून दोनदा.
मग तीन.
मग दोन, आणि तेही एकदाच.
सिस्टर इंतिसार प्रत्येकाच्या घोट्यावर बोट दाबून बघते
खड्डा किती खोल पडतो,
कणीक मुरली का बघावं तसं.
इंतिसार म्हणजे विजय. बापाने ठेवलेलं,
कुठल्याशा जुन्या लढाईची बातमी रेडिओवर ऐकून.
ती म्हणते, मला नुसतं सिस्टर म्हण.

नाईल इथून दोन गल्ल्यांवर.
छतावरून दिसते, रुंद, कुणाची पर्वा नसलेली,
आणि आत बसलेल्यांना दिवसाला दोन पेले पाणी.
सित्तना एकवीस वर्षं चहा विकायची, बस स्टँडसमोर.
आता आल्याचा तुकडा दाढेखाली धरते
आणि मला सांगते कुणाला किती साखर लागायची.
कमरुद्दीन ड्रायव्हर, पाच चमचे.
"भेटला तर सांग, उधारी सोडली."
कमरुद्दीनची बस पुलावर जळून उभी आहे.
सांगतो, म्हणतो मी.

शाझली मास्तर भूगोल शिकवायचे.
घरापासून इथवर सात चौक्या, त्यांनी मोजलेल्या.
प्रत्येकीवर सदरा काढून खांदे दाखवायचे:
बंदुकीच्या दस्त्याचा वण नाही ना.
मग दंडावरची फुगलेली शीर का, ते समजवायचं.
पाचव्या चौकीवरच्या पोराला पटेना.
मास्तरांनी त्याचा हात धरून शिरेवर ठेवला.
आत रक्त थरथरत होतं, मांजर गुरगुरावं तसं.
पोराने चटका बसल्यासारखा हात काढला,
म्हणाला, जा, जा, लवकर जा.
मास्तर हे हसत सांगायचे.
पोराला मिशी फुटली नव्हती, हे मात्र न हसता.

मंगळवारी मास्तर आले नाहीत.
आठ वाजले. साडेनऊ.
त्यांच्या खुर्चीवर सिस्टरने चादर घातली होती,
ती कोणी विस्कटली नाही.
मी टाकीत काठी बुडवली, वर काढली,
अंगठ्याने ओल पुसत खाचा मोजल्या.
दोन जास्त.

आता खरं सांगतो, इथे कोणी ऐकत नाही म्हणून:
आधी मनात आलं,
अव्वाबला आज चार तास मिळतील.
मास्तर कुठे असतील, हे नंतर आलं.
मधे किती वेळ गेला
त्याची खाच काठीवर नाही.

अव्वाब तेरा वर्षांचा. चार तास झोपला,
तोंड उघडं, पाय शाळकरी पोरासारखे वेडेवाकडे.
जागा झाला, घोट्याला हात लावून पाहिला.
"आज इतका वेळ कसा?"
सिस्टर सुई काढत होती. तिने कापूस दाबला,
जरा जास्तच जोरात.

मी जनरेटर बंद केला.
तो बंद झाला की लांबचे तोफगोळे जवळ येतात.
चार यंत्रांचे दिवे एकेक करून गेले.
काठी पुसली, दाराशी उभी केली.
अंधारात सित्तनाची दाढ आल्यावर वाजली.
"मास्तर दीड चमचा घ्यायचे," ती म्हणाली.
कोणी विचारलं नव्हतं.