शिल्लक रजा

रिक्षावाल्याला म्हटलं, कल्याण शाखा.
तो म्हणाला, ताई, कल्याण लांब पडेल,
शिळफाट्याला ट्रेलर अडकलेत सकाळपासून.
म्हटलं, नाही हो, इथंच, कळंबोलीत,
रोडपालीकडे, पोलीस मुख्यालय.
तिथल्या एका खोलीचं नाव कल्याण आहे.

अहो, तुम्ही असता तर हसला असता.

खोलीत शिंत्रे मॅडम. टेबलाच्या काचेखाली
तुळजाभवानी, पगाराच्या तारखा, नातवाचा फोटो.
त्यांनी पाणी दिलं, मग एकेक कागद सरकवला,
नव्या सुनेला फडताळातले डबे दाखवावेत तसा :
ह्यात अंत्यविधीचे. ह्यात गटविम्याचे.
ही स्वरांजलीची शिष्यवृत्ती, टक्के साठच्या वर हवेत.
शिवणवर्ग मंगळवारी, मशीन घरून आणायची नाही.
क्वार्टर इतक्यात सोडावं लागणार नाही,
पण अर्ज आजच्या तारखेचा हवा.

तेरा ठिकाणी सह्या केल्या.
एका ठिकाणी 'पत्नी' लिहिलं होतं,
ते खोडून त्यांनी 'विधवा' केलं
आणि म्हणाल्या, सॉरी हं, तसंच लागतं.

शेवटचा कागद : अर्जित रजा, शिल्लक,
दिवस दोनशे चौऱ्याऐंशी.
ह्याचे पैसे होतात, मॅडम म्हणाल्या, चांगले होतात.
मी विचारलं, पण हे दिवस होते कुठं?
त्यांना कळलं नाही. किंवा कळलं
आणि त्यांनी उठून पंखा वाढवला.

फाईल माझ्यासमोर ठेवून त्या झेरॉक्सला गेल्या.
आत तुमचं अक्षर, उजवीकडे कललेलं,
दुधाच्या हिशेबात असायचं तेच.
कारण : मुलीचे बारसे.
खाली लाल शाईत, बंदोबस्त, नामंजूर.
कारण : मेहुण्याचे लग्न. नामंजूर.
कारण : पत्नीचे पित्ताशयाचे ऑपरेशन. दोन दिवस मंजूर.
(ते दोन दिवस आठवतात मला.
तुमची खिचडी खाली लागली होती आणि वर कच्ची होती.)

आणि एक अर्ज, गेल्या वर्षीचा,
विसर्जनानंतरच्या तिसऱ्या दिवसाचा.
कारण : झोप.
एवढंच.
त्यावर साहेबांचा शेरा, कारण नीट लिहावे.
त्याखाली तुम्ही पुन्हा, त्याच पेनानं,
कारण : घरगुती.

चार महिन्यांनी तळोज्याच्या नाक्यावर
तुम्ही प्लास्टिकच्या खुर्चीत डोळे मिटलेत,
तेव्हा जोडीच्या बोडकेंना वाटलं, लागलाय डोळा.
उठवायला नको म्हणून वीस मिनिटं
त्यांनी एकट्यानं गाड्या तपासल्या.
अजून येतात ते. दारातच उभं राहून तेवढंच सांगतात,
वीस मिनिटं, वहिनी.
मी चहा ठेवते. साखर किती, हे आता विचारत नाही.

पैसे आल्याचा मेसेज वाजला तेव्हा
मी स्टील मार्केटच्या बाजूला भाजी घेत होते.
आकडा दोनदा मोजला.
मेथीची जुडी परत ठेवली,
मग पुन्हा उचलली. भाजीवाली म्हणाली, घ्यायचीय का नक्की?

त्या रात्री स्वरांजलीला सांगितलं,
उद्या मला उठवू नकोस. डबा तुझा तू कर.
बरं नाही का गं, तिनं विचारलं.
बरं आहे, म्हटलं. झोपायचंय.
ती थोडा वेळ बघत राहिली,
मग तिनंच माझ्या फोनचा आवाज बंद केला.

दहाला जाग आली. ऊन पायांपर्यंत आलेलं,
खाली मैदानात भरतीची पोरं धावत होती,
कुणीतरी शिट्टी मारून त्यांचे फेरे मोजत होतं.
उठले. तोंड धुतलं नाही अजून.
कॅलेंडरवर, गॅस लावल्याच्या तारखेशेजारी,
पेन्सिलीनं लिहिलं :
दोनशे त्र्याऐंशी.