सुतळी

मोदीनसाहेब बागवान मशिदीचं माप घेऊन आले,
सुतळीचं भेंडोळं, हाताहाताला गाठ.
अंबय्यानं ते खिळ्याला अडकवलं,
पोरींना तेलुगूत म्हणाला,
आपल्या मागापेक्षा फरशी मोठी.

मग तेरा महिने, चार पट्टे.
साखर पेठेतल्या त्या खोलीत
इराणी वेल विणला तेवढा गुंडाळत गेला,
अख्खा कुणी पाहिलाच नाही.
गुडघे टेकतील तिथं
तो फणी दोनदा ठोकी.
कपाळाच्या जागेला
स्वतःचा गाल लावून बघे.

शुक्रवारी रांगा वाकल्या
तेव्हा चपलांपाशी उभा राहून
सांधे दिसतायत का,
एवढंच बघत होता.

सुतळी राजमणीनं गल्लीत बांधली.
गाठी तशाच.
लुगडी वाळतात.