ट्रेगेंझा ब्रॉस.

न्यूलिनच्या धक्क्यावर, मासळीच्या दुकानापुढे
लव्हडे कार्बिस शिडी लावते.
खाऱ्या वाऱ्यानं पाटीचा निळा
पापुद्र्या-पापुद्र्यानं सोललाय.
ब्रदर्सचं झालेलं ब्रॉस, आणि पुढे टिंब.

खालून होस्किंग मास्तर, बगलेत पाव:
"आता तरी ते टिंब काढ, बाई.
शब्द शेपटाकडून तोडला, तर टिंब.
इथे पोटातली चार अक्षरं गेलीत,
शेवटचा एस जागेवर आहे.
चाळीस वर्षं ही चूक मी
मासळीबरोबर घरी नेतोय."

लव्हडेला नियम पाठ आहे.
पलीकडच्या चिप्सवाल्याच्या एकट्या एनला
दोन बाजूंना दोन लोपचिन्हं तिनंच काढलीत,
गेलेल्या ए-साठी एक, डी-साठी एक.
त्यातलं एक मागच्या वादळात उडालं.
कुणी विचारलंही नाही.

जोरी ट्रेगेंझा बाहेर येतो, एप्रनवर खवले.
पेरनला जाऊन सात आठवडे.
"आधी तो एस," म्हणतो. "भाऊ आता एकच उरला.
पुसायचा का?"

ती कोरडाच ब्रश पुसत राहते.
"पुसलास, तर टिंब बरोबर ठरेल."

मास्तर टोपी काढतात, पुन्हा घालतात.

मग जोरी, तिच्याकडे न बघता,
बर्फाच्या पेटीला सांगितल्यासारखं:
बाबांनी पाटी रंगवली तेव्हा पेरन चार वर्षांचा.
मी पण, मी पण, म्हणून डोकं खाल्लं.
शेवटी बाबांनी खांद्यावर घेतला. म्हणाले, एकदाच.
त्यानं अंगठा टेकवला.
मी शिडी धरली होती.

लव्हडे वर जाते, नाक लावून बघते.
टिंब गोल नाही.
बदामासारखं, एका अंगाला कललेलं,
आत बारीक रेघा.
ब्रशचे केस असतील. मीठ असेल.

दुपारपर्यंत अक्षरं नवी होतात,
एस जरा जास्तच ठसठशीत.
टिंबाच्या काठापर्यंत निळा आणून
ती हात मागे घेते.

"टिंबाचे किती लावलेस?" जोरी बिल उलटंपालटं करतो.
"ते मी केलं नाही."

संध्याकाळी मास्तर हॅडक घ्यायला येतात.
वर बघतात, बराच वेळ.
"चूक आहे ती आहेच," म्हणतात,
आणि आज
दोन कागदांत गुंडाळून मागतात.