बल्ब वाकायचा

सुपडूआप्पा खटका ओढायचा तेव्हा
तापीकाठच्या पंपघरात नऊशे अश्वशक्ती एकदम दचकून उठायची,
आणि सावखेड्यातले सगळे बल्ब
क्षणभर मान खाली घालायचे.
गोजरबाई तव्यावरची भाकर उलटता उलटता म्हणायची,
"लागना कामले."

यंदा धुळ्याहून एक कपाट आलं, राखाडी.
आत थायरिस्टर,
पंगतीत वाढपी उभे राहावेत तसे.
चिरमाडे मॅडम म्हणाल्या, हे वीज मोजून वाढतील,
मोटरला ठसका लागणार नाही.
रोटर सावकाश फिरू लागला, वेग धरला,
मग चुंबक जागं झालं
आणि तो लाइनीच्या पावलात पाऊल टाकून चालू लागला.
हिसका नाही. ठिणगी नाही.
पॉवर फॅक्टर एक, काटा ढळेना.

आप्पाच्या तळहाताच्या रेघांत
कार्बन ब्रशची बावीस वर्षांची पूड,
साबणानं न जाणारी.
त्यानं मोटरच्या अंगाला पालथा हात लावला,
पोराचा ताप बघावा तसा.
"बेस शे," म्हणाला,
आणि उगाच खटक्याच्या जुन्या मुठीकडे गेला.

घरी ताट झाकलेलं.
गोजरबाई बल्बखाली बसून होती.
"मोटर चालू व्हयनी नही का आज?"

पाणी केव्हाच
रंगरावच्या केळीत शिरलं होतं.