हातचा

दर दुसऱ्या गुरुवारी, दुपारी तीननंतर,
मी एकशे बारा माणसांचे पगार काढते.
पंपांची सील बनवणारा कारखाना, कॅन्ससच्या सपाटीवर,
जिथे रस्ता सरळ जातो, जातच राहतो,
वळायचं कारणच मिळत नाही त्याला.
खिडकीतून धान्याचं कोठार दिसतं आणि मालगाडी.
आज एकशे चार डबे. सवयच ती, मोजते मी.

कंपन्यांवरचा कर उतरला त्या वर्षी
मालक कॅन्टीनमध्ये बाह्या दुमडून उभा राहिला.
वाईट माणूस नव्हे हॅडली प्रेंटिस.
डेल्बर्ट उनरूच्या बायकोला पुरलं तेव्हा
शेवटपर्यंत थांबला होता तो, वाऱ्यात, टोपी हातात धरून.
म्हणाला, "वाचलेला पैसा जाईल कुठे?
आधी यंत्रात. मग तुमच्या खिशात."
खोटं बोलत नव्हता.
मला कळतं ते, ओव्हरटाइमचे तास मीच तपासते.

नाताळात प्रत्येकाला एक चेक मिळाला.
एकदाच.
रोसाल्वाने दोन दात बसवले, आणि महिनाभर
कारण नसताना हसत होती सगळ्यांकडे.

यंत्रही आलं. खरंच आलं.
जर्मनीहून, लाकडी खोक्यात, भुश्श्यात बसवलेलं.
डेल्बर्टने त्याच्यावरून हात फिरवला
नवा घोडा पारखावा तसा.
ते शिकलेल्या तीन पोरांचा पगार तासाला चार डॉलरने वाढला,
मीच भरला तो आकडा, दोनदा बघून.
डेल्बर्ट पॅकिंगला गेला.
पगार तोच, फक्त हुद्द्याच्या रकान्यात
आता एकच अक्षर.

बाकीच्यांना तासाला चाळीस सेंट.
चाळीस सेंट गुणिले चाळीस तास,
आठवड्याला सोळा डॉलर.
विम्याचा हप्ता त्याच महिन्यात एकोणीसने चढला.
ही वजाबाकी कुणी जाहीर केली नाही,
ती ज्याची त्याने घरी केली, बहुधा स्वयंपाकघरात.

उरलेल्यातून हॅडलीने बहिणीचा हिस्सा विकत घेतला.
तेही मला ठाऊक आहे. कागद माझ्याच टेबलावरून गेले.
त्यात गैर काय? त्याचा कारखाना, त्याची बहीण.
मी फक्त म्हणते की कागद गेले.

मग राज्याची तिजोरी हलकी झाली
आणि शुक्रवारी शाळा भरेनाशी झाली.
आता शुक्रवारी रोसाल्वाचा नेस्तोर
माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर वही उघडून बसतो,
पाय जमिनीला पोचत नाहीत त्याचे.

गेल्या महिन्यात विद्यापीठातून एक मुलगा आला,
चांगले बूट, भलताच नम्र, हातात फॉर्म.
"करकपातीमुळे पगार वाढले का?"
पुढे दोन चौकटी. हो. नाही.
मी विचारलं, "कुणाचे?"
तो म्हणाला, "सरासरी."
सरासरीला मी अजून पगार दिलेला नाही,
तिचा खाते क्रमांकच नाही माझ्याकडे.
"आणि कर उतरला नसता तर यंत्र आलं असतं का?"
हे मी त्याला विचारलं, खोचून नव्हे, खरंच हवं होतं उत्तर.
त्याने पेन बंद केलं.
"तेच तर शोधतोय," म्हणाला, आणि मला तो आवडला.
समासात मी लिहिलं: तिघांचे, हो.
पुढे लिहायला समास उरला नाही.

आज शुक्रवार. नेस्तोर बेरीज करतोय,
सत्तेचाळीस आणि अडतीस.
जीभ ओठांच्या कडेला,
सात आणि आठ पंधरा,
पाच खाली, एक हातचा.
मग बाहेर गाडी येते, तो डबे मोजू लागतो,
माझ्याकडूनच लागलेली खोड,
आणि परत येऊन लिहितो: पंचाहत्तर.

दहा कमी.
मी रागावत नाही. वही त्याच्याकडे सरकवते.
"पुन्हा बघ," म्हणते,
"इथेच असेल कुठेतरी."