दुभाष्या

बायोनच्या भिंतीवरची दगडी बैलगाडी दाखवताना
सारून आठशे वर्षं एका दमात बोलतो,
छत्री उंचावून आम्हा चौदा जणांना मोजतो.

दुपारी तसलीच गाडी,
लाल फुफाट्यात, वंगणाविना करकरणारी.
मग ताडाच्या रसाची कढई, धूर.
गूळ बघायला वीस मिनिटं.

ढवळणारी म्हातारी वर न बघताच
त्याला काहीतरी विचारते.
दिवसभरात पहिल्यांदा
सारून अडखळतो.
काय म्हणाली?
"म्हणाली, सगळ्यांचं स्वागत आहे."

बसमध्ये, ताडपानातला गूळ बोटांना चिकटलेला,
मी शब्दांची पुस्तिका चाळते.
तिच्या वाक्यातला 'बाय' सापडतो:
बाय म्हणजे भात.
जेवलास का, एवढंच.

पुढच्या सीटवरून तो पुन्हा मोजतोय.
चौदा.